न्यूट्रॉन ताऱ्याचे कमाल वस्तुमान : प्रस्तावना

न्यूट्रॉन ताऱ्यात जास्तीत जास्त किती द्रव्य मावू शकते, आणि कोणत्या मर्यादेपलीकडे तो स्वतःचाच भार न पेलवून कोसळतो व त्याचे कृष्णविवर होते, हा प्रश्न वरवर पाहता एका आकड्यापुरता आहे. तरीही तो आकडा आठ दशकांहून अधिक काळ भौतिकशास्त्राला हुलकावणी देत आला आहे, कारण या ताऱ्याच्या गाभ्यातले द्रव्य, म्हणजे अणुकेंद्राहून कित्येक पट दाट आणि तरीही थंड व स्थिर असे द्रव्य, पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगशाळेत तयार करून तपासता येत नाही. ते फक्त आकाशात आहे, आणि त्याची पारख करण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे ज्या ताऱ्यांत ते आहे त्यांचे वस्तुमान मोजणे. ते मोजमाप आणि त्यामागील सिद्धांत हा या ग्रंथाचा विषय आहे.

सूर्याच्या आठपटीहून अधिक वस्तुमान असलेला तारा आयुष्याच्या अखेरीस आपले अणुइंधन संपवून बसतो, तेव्हा त्याच्या मध्यभागी लोखंडाचा गाभा तयार झालेला असतो आणि लोखंडापासून पुढे ऊर्जा मिळत नसल्यामुळे तो गाभा क्षणार्धात आत कोसळतो. या कोसळण्यात इलेक्ट्रॉन प्रोटॉनांमध्ये दाबले जाऊन न्यूट्रॉन बनतात, बाहेरचे थर अतिनवताऱ्याच्या स्फोटात उधळले जातात आणि मागे जो अतिघन गोळा उरतो त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. अशा ताऱ्यांचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये सांगणे गैरसोयीचे असल्यामुळे सूर्याचे वस्तुमान हेच एकक मानतात व त्याला सौर वस्तुमान म्हणतात. बहुतेक मोजलेले न्यूट्रॉन तारे 1.2 ते 1.5 सौर वस्तुमानांच्या दरम्यान आढळतात आणि त्यांची त्रिज्या 11 ते 13 किलोमीटरांच्या घरात असावी असे आजचे मोजमाप सांगते.

बारा किलोमीटर हे अंतर खगोलशास्त्रात इतके लहान आहे की ते नकाशावर मांडल्यावाचून त्याचा अर्थ कळत नाही. बंगळूरच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी हे त्यासाठी सोयीचे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि चकोत नावाच्या पपनसाचे गाव म्हणून ते प्रसिद्ध आहेच, शिवाय 2008 साली सुरू झालेला बंगळूरचा विमानतळ याच तालुक्यात असल्यामुळे पुण्या-मुंबईहून तिकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाचे पाऊल प्रथम याच मातीवर पडते. देवनहळ्ळीच्या किल्ल्यावर कंपासाचे टोक ठेवून 12 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर दक्षिणेकडचा विमानतळ त्यात पूर्ण सामावतो, ईशान्येचे विजयपुरा गाव त्यात येते, आणि सरळ रेषेत सुमारे 14 किलोमीटरांवर असलेली नंदी टेकडी जेमतेम बाहेर राहते. मात्र तारा हे वर्तुळ नसून गोल आहे. तो जमिनीखाली जितका खोल जाईल तितकाच वर, विमाने ज्या उंचीवर स्थिरावतात तिथपर्यंत, चढेल. एवढ्या गोलात दोन सूर्यांचे, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पृथ्वींचे द्रव्य भरले, की जड न्यूट्रॉन तारा तयार होतो. सर्वसाधारण न्यूट्रॉन ताऱ्यातसुद्धा सरासरी एक घन सेंटिमीटर द्रव्याचे वस्तुमान तीस-चाळीस कोटी टनांच्या घरात जाते.

याच नकाशावर प्रश्नाचा दुसरा भागही दिसतो. कोणत्याही वस्तुमानाला एक ठरावीक त्रिज्या असते, जिच्या आत ते दाबले गेले तर त्याच्यापासून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. या सीमेला घटना क्षितिज म्हणतात, आणि दर सौर वस्तुमानामागे ती सुमारे 3 किलोमीटर पडते. सूर्याच्या 2.2 पट वस्तुमानासाठी ही त्रिज्या साडेसहा किलोमीटर, म्हणजे साधारण किल्ल्यापासून विमानतळापर्यंत. सूर्याला कृष्णविवर व्हायचे तर त्याला सात लाख किलोमीटरांच्या त्रिज्येवरून तीन किलोमीटरांवर आक्रसावे लागेल. जड न्यूट्रॉन ताऱ्याला मात्र नंदीच्या पायथ्यापासून विमानतळापर्यंत सरकणे पुरेसे आहे. एवढे अंतर शिल्लक ठेवून जो तारा कोट्यवधी वर्षे उभा राहतो, त्याला उभे ठेवणारी शक्ती कोणती, आणि ती केव्हा हरते, हे समजून घेणे म्हणजेच कमाल वस्तुमानाचा प्रश्न समजून घेणे होय.

या गावाभोवतीच्या मुलुखात या विषयाच्या अभ्यासाची ठिकाणेही बरीच आहेत. दक्षिणेला, सुमारे तीस किलोमीटरांवर, 1948 साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी उभारलेली रामन संशोधन संस्था आहे. नैर्ऋत्येस हेसरघट्टा परिसरात गुरुत्वीय लहरींचा अभ्यास करणारे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र आहे. आग्नेयेस होसकोटे येथून भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे शास्त्रज्ञ लडाखमधील हान्ले येथील दोन मीटरच्या दुर्बिणीचे दूरनियंत्रण करतात. आणि वायव्येस गौरीबिदनूरला 34.5 मेगाहर्ट्झवर चालणारी जुनी रेडिओ दुर्बीण आहे, जिच्या साहाय्याने रामन संस्थेतील अविनाश देशपांडे आदींनी स्पंदकांचे, म्हणजे रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे, अत्यंत कमी वारंवारतेवरील निरीक्षण केले. हान्लेच्या दुर्बिणीला ज्यांचे नाव दिले आहे ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे रामन यांचे पुतणे, आणि ताऱ्याच्या भाराला सीमा असते ही कल्पनाच त्यांच्यापासून सुरू होते.

1930 साली 31 जुलैला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, चंद्रशेखर उच्च शिक्षणासाठी मुंबई बंदरातून बोटीने निघाले आणि त्या प्रवासातच त्यांनी श्वेत बटू ताऱ्यांचे गणित मांडण्यास आरंभ केला. श्वेत बटू हा सूर्यासारख्या ताऱ्याचा विझलेला गाभा होय. त्याला उष्णतेच्या नव्हे तर इलेक्ट्रॉनांच्या गर्दीच्या दाबाने आधार मिळतो. पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वानुसार दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, त्यामुळे जितकी गर्दी अधिक तितके अधिकाधिक वेगाने फिरणे इलेक्ट्रॉनांना भाग पडते, आणि हा वेगच दाब निर्माण करतो. वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचला की मात्र तो आणखी वाढू शकत नाही. दाबाची वाढ मंदावते, गुरुत्वाकर्षणाची मात्र नाही. या दोहोंच्या शर्यतीत गुरुत्वाकर्षण जेथे जिंकते ती चंद्रशेखर सीमा. 1931 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात तिचा आकडा 0.91 सौर वस्तुमान आला होता, कारण ताऱ्याच्या रासायनिक घटनेविषयीचे त्या वेळचे गृहीतक वेगळे होते. आजचा परिचित 1.44 हा आकडा त्या गृहीतकाच्या दुरुस्तीनंतरचा आहे. 1935 च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत आर्थर एडिंग्टन यांनी या निष्कर्षाला जाहीर विरोध केला आणि ताऱ्याला असे वागण्यापासून रोखणारा निसर्गनियम असलाच पाहिजे असे प्रतिपादन केले, तेव्हा ज्या गोष्टीला ते असंभाव्य मानत होते ती, म्हणजे ताऱ्याचे अमर्याद कोसळणे, पुढील चार वर्षांतच गणिताच्या चौकटीत मांडली गेली.

1932 मध्ये जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला, आणि 1933 च्या डिसेंबरात वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी अतिनवताऱ्याच्या स्फोटातून न्यूट्रॉनांचा तारा निर्माण होत असावा असा तर्क मांडला. त्याला आधार देणारा दाब न्यूट्रॉनांच्या गर्दीचा, म्हणजे श्वेत बटूतील दाबाच्याच जातीचा, म्हणून त्यालाही सीमा असणार हे उघड होते. 1939 साली रॉबर्ट ओपेनहायमर व जॉर्ज वोल्कॉफ यांनी, रिचर्ड टॉलमन यांच्या गणिताच्या आधारे, ती प्रथम काढली. त्यांच्या समीकरणाला आज तिघांच्या नावाने टॉलमन-ओपेनहायमर-वोल्कॉफ समीकरण म्हणतात, आणि न फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या कमाल वस्तुमानालाही त्याच तिघांचे नाव मिळाले आहे.

या समीकरणात जी गोष्ट सांगितली आहे ती या संपूर्ण विषयाची किल्ली असल्यामुळे तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. न्यूटन यांच्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण निर्माण करण्याचे काम फक्त वस्तुमानाचे असते. दाब हा त्याचा प्रतिस्पर्धी असतो आणि त्याचे काम एवढेच, की भाराला बाहेरच्या दिशेने ढकलून तोलून धरावे. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात मात्र ऊर्जा आणि दाब हे दोन्हीही गुरुत्वाकर्षणाचे उगम ठरतात, म्हणजे दाबालाही भार असतो. सूर्याच्या केंद्रातही हा परिणाम जवळजवळ दहालक्षांशाच्या पातळीवर असल्यामुळे त्याची दखल घेण्याचे कारण पडत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात मात्र दाब तेथील द्रव्याच्या एकूण ऊर्जेच्या तुलनेत इतका मोठा असतो, की छत पडू नये म्हणून लावलेला टेकूच छताच्या वजनात भर घालू लागावा तशी स्थिती येते. तारा जड होत गेला की त्याला आणखी दाबाची गरज भासते; वाढलेला दाब स्वतःच अधिक गुरुत्वाकर्षण निर्माण करतो; त्या गुरुत्वाकर्षणाला तोंड देण्यासाठी आणखी दाब लागतो. एका विशिष्ट वस्तुमानापाशी ही साखळी कोठेही थांबत नाही, आणि ताऱ्याचे द्रव्य कितीही चिवट असले तरी तो कोसळतो. श्वेत बटूची सीमा इलेक्ट्रॉनांच्या स्वभावातून येते. न्यूट्रॉन ताऱ्याची सीमा मात्र गुरुत्वाकर्षणाच्या या स्वभावातून येते, आणि द्रव्याचा चिवटपणा फक्त ती कोठे पडेल एवढेच ठरवतो. या फरकाकडे लोकप्रिय लेखनात बहुधा दुर्लक्ष होते आणि दोन्ही सीमा एकाच गोष्टीच्या दोन पायऱ्या असल्यासारखे भासवले जाते, ही खेदाची बाब आहे.

ओपेनहायमर व वोल्कॉफ यांनी न्यूट्रॉन एकमेकांशी काहीही देवाणघेवाण न करणारे कण मानले होते, आणि त्यामुळे त्यांचा आकडा केवळ 0.7 सौर वस्तुमान आला. हा आकडा चंद्रशेखर सीमेच्याही निम्म्याच्या आसपास होता. तो खरा असता तर न्यूट्रॉन तारे जन्मालाच आले नसते. चंद्रशेखरांचा पहिला आकडाही खालीच पडला होता, आणि दोन्ही वेळी चूक तत्त्वात नव्हती, द्रव्याच्या वर्णनात होती. न्यूट्रॉन एका मर्यादेपेक्षा जवळ आले की त्यांच्यात तीव्र प्रतिकर्षण निर्माण होते; 1959 साली अॅलिस्टर कॅमेरॉन यांनी हे प्रतिकर्षण हिशेबात घेतले आणि सीमा सुमारे 2 सौर वस्तुमानांपर्यंत वर आणली.

तेव्हापासून आजवरचा सैद्धांतिक वाद एकाच गोष्टीभोवती फिरतो, आणि तिला अवस्था समीकरण म्हणतात: द्रव्य किती दाबले असता ते किती दाब परतवते, याचा नियम. जे द्रव्य दाबाला ताठपणे तोंड देते त्याची सीमा वर जाते, जे नरमते त्याची खाली येते. न्यूट्रॉनांच्या गर्दीत एका टप्प्यावर हायपेरॉन नावाचे जड कण तयार होणे सोयीचे ठरते, आणि ते तयार झाले की द्रव्य नरमते. त्याहून खोलवर न्यूट्रॉनच फुटून त्यांतील क्वार्क मोकळे होत असतील, अशीही एक शक्यता आहे. यांपैकी काय घडते हे माहीत नसताही एक निरपेक्ष मर्यादा मात्र काढता येते: द्रव्य कितीही ताठ असले तरी त्यातून जाणारा ध्वनी प्रकाशापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही, आणि 1974 साली क्लिफर्ड रोड्स व रेमो रुफिनी यांनी प्रामुख्याने याच अटीवरून कमाल वस्तुमान सूर्याच्या 3.2 पटींहून अधिक असू शकत नाही असे दाखवले. हा आकडा पुढे संशोधकांच्या मनात इतका पक्का बसला, की अवकाशातील एखादी अदृश्य वस्तू 3 सौर वस्तुमानांहून जड निघाली की ती कृष्णविवर मानण्याची पद्धतच पडली.

वरची मर्यादा सिद्धांताने दिली. खालची मात्र निरीक्षणाने वर ढकलावी लागते. एक जड न्यूट्रॉन तारा सापडला की त्याहून हलकी सीमा सांगणारी सर्व अवस्था समीकरणे एका फटक्यात बाद होतात. त्यासाठी तारा तोलावा लागतो, आणि एकटा तारा तोलता येत नाही. त्याच्याभोवती फिरणारा जोडीदार लागतो. तोलण्याचे साधन मात्र निसर्गाने दिलेले आहे. 1967 च्या नोव्हेंबरात केंब्रिजमध्ये जॉसेलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी पट्टीवर दर 1.337 सेकंदांनी येणारे स्पंद दिसले, आणि थोड्याच काळात हे स्पंद फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे आहेत हे स्पष्ट झाले. दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याचा रेडिओ झोत प्रत्येक फेरीत पृथ्वीवरून जातो. अशा ताऱ्याला स्पंदक म्हणतात. तो घड्याळासारखा नियमित असल्यामुळे तो जोडीदाराभोवती फिरताना त्याचे ठोके कधी लवकर तर कधी उशिरा येतात, आणि त्या फरकावरून कक्षेचा हिशेब मांडता येतो.

सर्वांत उपयोगी घड्याळे मिलिसेकंद स्पंदक, म्हणजे सेकंदाच्या काही हजारांशांत एक फेरी घेणारे स्पंदक, ठरली. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी बर्कलेत विद्यार्थी असताना, 1982 साली, डोनाल्ड बॅकर व इतरांसह त्यांना पहिला मिलिसेकंद स्पंदक सापडला. तो सेकंदाला 642 फेऱ्या घेत होता. जन्मतः वेगवान असलेला स्पंदक ऊर्जा गमावत हळूहळू मंदावतो, आणि या ताऱ्याची मंदावण्याची गती मात्र अत्यंत अल्प होती. मग इतका वेग आला कोठून, हा प्रश्न उभा राहिला. रामन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात याचे उत्तर दिले: हा जुना, मंदावलेला तारा आहे, आणि जोडीदाराकडून ओढून घेतलेल्या द्रव्याने त्याला पुन्हा फिरवले आहे. अन्य एका गटानेही याच सुमारास स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. या स्पष्टीकरणाचा कमाल वस्तुमानाशी थेट संबंध आहे, कारण ओढून घेतलेले द्रव्य ताऱ्याला वेगाबरोबर भारही देते. म्हणूनच सर्वांत जड न्यूट्रॉन तारे पुन्हा फिरवलेल्या स्पंदकांतच शोधले जातात आणि तेथेच सापडतात. कुरुंदवाड आणि बंगळूर यांच्या दरम्यान 1982 मध्ये जुळलेला हा दुवा या विषयाच्या इतिहासात जितका ठळकपणे सांगितला जावा तितका सांगितला जात नाही.

तोलण्याची पद्धत नाजूक आहे. स्पंदकाची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसत असेल, तर प्रत्येक फेरीत एकदा स्पंदकाचा झोत जोडीदाराच्या अगदी जवळून येतो आणि तेथील वाकलेल्या अवकाशातून जाताना त्याला सेकंदाच्या काही लक्षांशांचा उशीर होतो; याला इर्विन शापिरो यांच्या नावावरून शापिरो विलंब म्हणतात. त्यावरून जोडीदाराचे वस्तुमान व कक्षेचा कल मिळतो, आणि मग स्पंदकाचे वस्तुमान साध्या गणिताने निघते. 2010 साली जे1614-2230 या स्पंदकासाठी पॉल डेमोरेस्ट व सहकाऱ्यांनी अशा प्रकारे 1.97 सौर वस्तुमान मोजले (पुढे ते 1.91 च्या आसपास स्थिरावले), आणि हायपेरॉनांमुळे नरमणाऱ्या द्रव्याची अनेक वर्णने त्या दिवशीच अडचणीत आली. जे0740+6620 या स्पंदकाचे वस्तुमान 2021 मध्ये 2.08 असे निश्चित झाले, त्यात सुमारे 0.07 ची अनिश्चितता आहे. आज सर्वांत भरवशाने जड ठरलेला न्यूट्रॉन तारा हाच. अंतराळ स्थानकावरील नाइसर या क्ष-किरण दुर्बिणीने त्याची त्रिज्याही मोजली, आणि एका गटाला ती 12.4 तर दुसऱ्या गटाला 13.7 किलोमीटर मिळाली. देवनहळ्ळीच्या नकाशावर हा फरक ताऱ्याचा पृष्ठभाग नंदीच्या अलीकडे थांबतो की टेकडीला टेकतो एवढाच आहे, पण अवस्था समीकरणाच्या दृष्टीने तो मोठा आहे.

सर्वच वजने टिकत नाहीत, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. जोडीदाराच्या प्रकाशावरून तोलताना त्याचा पृष्ठभाग कसा तापला आहे याचे गृहीतक करावे लागते, आणि तेथे चूक शिरते. बी1957+20 या स्पंदकाला 2011 साली 2.4 सौर वस्तुमान मिळाले होते. गॅमा किरणांतील ग्रहणांच्या आधारे कक्षेचा कल नव्याने ठरल्यावर ते 1.8 च्या आसपास उतरले. जे0348+0432 चे 2013 मधील 2.01 हे मोजमाप वर्षानुवर्षे आधारभूत मानले गेले, पण नव्या, अधिक अचूक नोंदींनी तेही 1.8 वर आणले. जे0952-0607 चे 2022 मधील 2.35 हे मोजमाप आज सर्वांत उंच आहे, परंतु त्याच पद्धतीचे असल्यामुळे त्याच्यावर पूर्ण भार टाकणे धाडसाचे ठरेल. शिवाय वजनांचा अर्थ लावताना ताऱ्याचे फिरणेही ध्यानात घ्यावे लागते, कारण त्यामुळे सीमा सुमारे वीस टक्क्यांपर्यंत वर जाऊ शकते. आजवर सापडलेला सर्वांत वेगवान स्पंदक सेकंदाला 716 फेऱ्या घेतो.

या सर्व शोधांत मराठी मुलुखाचा वाटा शोधायचा, तर जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जावे लागते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने तेथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभारली. या तबकड्या सुमारे 25 किलोमीटरांच्या परिसरात पसरल्या आहेत. एका न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यासही जवळजवळ तेवढाच. 2004 साली पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वरचंद्र यांनी या दुर्बिणीने कपोत तारकासमूहातील एनजीसी 1851 या गोलाकार तारकागुच्छात एक मिलिसेकंद स्पंदक शोधला. जीएमआरटीने शोधलेला तो पहिला स्पंदक, आणि त्या गुच्छातीलही पहिलाच. त्याची कक्षा विलक्षण लांबट होती: 18.8 दिवसांच्या फेरीत तो जोडीदाराच्या कधी अगदी जवळ तर कधी फार दूर जातो. अशी कक्षा शांतपणे वाढलेल्या जोडीची नसते. दाट गुच्छातील गर्दीत एका ताऱ्याने दुसऱ्याचा जोडीदार हिसकावून घेतला असल्याची ती खूण आहे. गोलाकार गुच्छात लाखो तारे दाटीवाटीने असल्यामुळे असे फेरबदल वारंवार होतात आणि त्यांतून अन्यत्र जुळणार नाहीत अशा जोड्या जुळतात. त्या पहिल्या स्पंदकाची व त्याच्या जोडीदाराची वस्तुमाने पुढे सुमारे 1.25 व 1.22 ठरली, ती साधीच होती, पण एनजीसी 1851 हे शोध घेण्याजोगे ठिकाण आहे हे खोडदने दाखवून दिले होते.

त्या वाटेने पुढे गेलेल्या दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीला याच गुच्छात आणखी अनेक स्पंदक सापडले, आणि त्यांपैकी जे0514-4002ई या स्पंदकाविषयीचा निष्कर्ष जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. बुधाची कक्षा सूर्याभोवती हळूहळू वळते तशी या स्पंदकाची कक्षाही वळते, आणि तो वळण्याचा वेग जोडीच्या एकूण वस्तुमानावर अवलंबून असतो. त्यावरून ते 3.887 सौर वस्तुमान इतके अचूक मिळाले. जोडीदाराचा त्यातील वाटा 2.09 ते 2.71 यांच्या दरम्यान आहे. हा जोडीदार दिसत नाही, त्याच्याकडून स्पंद येत नाहीत. तो सर्वांत जड न्यूट्रॉन तारा असेल, किंवा सर्वांत हलके कृष्णविवर. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळून तो तयार झाला असावा, असाही विचार संशोधकांनी मांडला आहे. कमाल वस्तुमानाची सीमा नेमकी ज्या पट्ट्यात शोधली जात आहे, त्याच पट्ट्यात तो बसला आहे.

गुरुत्वीय लहरींनी या प्रश्नाला वेगळी दिशा दिली, कारण तारा कोसळतानाच्या क्षणाचा पुरावा त्यांच्याकडे असू शकतो. 17 ऑगस्ट 2017 रोजी सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरील एनजीसी 4993 या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. त्यांचे एकूण वस्तुमान 2.74 च्या आसपास होते, आणि लहरी पोहोचल्यानंतर 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. त्या स्फोटातून उधळलेले द्रव्य व त्याची चमक पाहता, मागे उरलेला गोळा कायम टिकला असता तर त्याच्या फिरण्याची प्रचंड ऊर्जा स्फोटात दिसली असती. ती दिसली नाही, म्हणून तो अल्पावधीत कोसळला असावा. यावरून अनेक गटांनी न फिरणाऱ्या ताऱ्याची सीमा 2.2 सौर वस्तुमानांच्या जवळ असल्याचा अंदाज केला. स्पंदकांनी दिलेला 2.08 चा तळ आणि या टकरीने सुचवलेले 2.2 चे छत यांतील फट इतकी अरुंद आहे, की 2019 मध्ये आढळलेली 2.6 सौर वस्तुमानाची वस्तू, जी सूर्याच्या 23 पट जड कृष्णविवराशी मिसळली, ती न्यूट्रॉन तारा मानणे आता अवघड झाले आहे.

अशा लहरी शोधण्याच्या गणितात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर यांचे काम पायाभूत आहे. अत्यंत क्षीण लहर गोंगाटातून ओळखण्यासाठी सैद्धांतिक आकृतिबंधांशी ताडून पाहण्याची जी पद्धत वापरली जाते, तिच्या घडणीत त्यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभापासून मोलाची भर घातली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपयांची मान्यता दिली. तिच्या एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांब असतील, आणि अमेरिका व युरोपातील वेधशाळांच्या जोडीला ती आल्यावर टकरीचे ठिकाण आकाशात आजच्याहून कितीतरी अचूक दाखवता येईल, ज्यामुळे दुर्बिणी वेळीच तिकडे वळतील. आदळल्यानंतर उरलेला गोळा कोसळण्यापूर्वी काही हजारांश सेकंद थरथरत असेल, तर त्याची लहर सेकंदाला दोन ते चार हजार आंदोलनांची असेल, आणि त्या थरथरीच्या स्वरावरून गाभ्यातील द्रव्य किती ताठ आहे हे थेट ओळखता येईल. 2017 च्या टकरीच्या नोंदीत ही लहर शोधण्यात आली होती. ती सापडली नाही, कारण तेवढ्या उंच स्वरात वेधशाळांचा स्वतःचा गोंगाट तिच्याहून मोठा होता.